बाळंतिणीचं इन्सुलिन

गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत मी दिवसाला ९० युनिटच्या आसपास इन्सुलिन घेत होते. सिझर झालं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरवर दिवसभराचा आकडा लिहिला २४. मी तो पुन्हा वाचला, नवऱ्याला दाखवला, मग सिस्टरना विचारलं, हे एका वेळचं आहे ना? "नाही ताई, अख्ख्या दिवसाचं," त्या म्हणाल्या. दिवस जाण्याआधी, अगदी सुरळीत चाललेल्या काळातही मला ३६ युनिट लागायचं. म्हणजे जिथून चढायला सुरुवात केली होती, त्याच्याही खाली मी येऊन पोचले होते, आणि तेही एका रात्रीत.

मला टाइप १ मधुमेह आहे. कॉलेजात असताना निदान झालं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं नष्ट केलेल्या असतात. गोड खाण्याशी या मधुमेहाचा संबंध नसतो आणि गोळ्यांनी भागत नाही. जेवढं इन्सुलिन लागेल तेवढं बाहेरून घ्यायचं. सकाळ-रात्रीचं लांब पल्ल्याचं, ज्याला आम्ही बेसल म्हणतो, आणि प्रत्येक जेवणाचं वेगळं. इतक्या वर्षांत माझं गणित बसलेलं होतं. दोन फुलके आणि वाटीभर आमटी म्हटलं की किती युनिट, हे मीटर न बघताही सांगता यायचं. बाळंतपणानं हे सगळं गणित पुसलं आणि मी पहिल्या दिवशी होते तशी नवखी झाले.

दवाखान्यात समजावून सांगायला वेळ काढणारे डॉक्टर भेटले, हे माझं नशीब. त्यांनी सांगितलं ते असं. गरोदरपणात वारेतून अनेक संप्रेरकं आईच्या रक्तात येतात. ती आईच्या शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत, म्हणजे आईच्या पेशी साखर कमी उचलतात आणि ती बाळासाठी रक्तात शिल्लक राहते. निरोगी बाईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हे निभावतं. माझ्यासारखीला ते सुईतून द्यावं लागतं, म्हणून नवव्या महिन्यापर्यंत डोस दुप्पट-तिप्पट होतो. मग वार पडते. अर्ध्या किलोच्या आसपासचा तो अवयव बाहेर आला की काही तासांतच ती संप्रेरकं रक्तातून ओसरतात, आणि कालचा डोस आज जिवावर बेतू शकतो. नऊ महिने सांभाळून चढवलेला आकडा त्याच दिवशी खाली आणावा लागतो.

बाळाच्याही टाचेला दर काही तासांनी टोचून साखर बघत होते. पोटात असताना माझ्या रक्तातली जादा साखर त्याच्यापर्यंत पोचायची आणि त्याचं चिमुकलं स्वादुपिंड त्या मानानं इन्सुलिन बनवायला शिकलेलं असायचं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र वाहतच राहतं. म्हणून मधुमेही आयांच्या बाळांची साखर पहिल्या दिवसांत घसरू शकते. त्यावर पहिला उपाय म्हणजे लवकरात लवकर अंगावर घेणं, चिकाचं दूध थेंबभर का होईना त्याच्या तोंडात जाणं. माझं दूध नीट यायला इतर बायांपेक्षा वेळ लागला. तेव्हा फार घाबरले होते. नंतर कळलं की दूध तयार करणाऱ्या पेशींना कामाला लागायलासुद्धा इन्सुलिनची गरज असते आणि इन्सुलिनवर असलेल्या बायकांना दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागणं नेहमीचं आहे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र मी रडून काढली नसती. ज्यांना टाइप १ आहे आणि दिवस गेले आहेत, त्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, सांगलीला आले. आईनं आणि आजीनं महिनाभर आधीपासून तयारी केली होती. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, बाळंतशेपा, लसणाची चटणी, मऊ भातावर तूप-मेतकूट. तेल लावायला रोज सकाळी एक मावशी येणार, मग कढत पाण्यानं आंघोळ, मग खाटेखाली शेगडी ठेवून शेक आणि ओवा-शेपेची धुरी. सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे सगळं प्रेमानं मांडलेलं होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या बायका त्यावर उभ्या राहिल्या आहेत. मात्र त्या मांडणीत इन्सुलिनला जागा नव्हती, आणि डॉक्टरांच्या कागदात शेगडीला जागा नव्हती. डॉक्टरांना इन्सुलिन ठाऊक होतं, आजीला बाळंतीण ठाऊक होती. दोन्ही एकत्र फक्त माझ्या अंगात येत होतं, आणि ते जुळवण्याचं काम माझ्यावर पडलं.

घरी आल्यावर पहिला धक्का रात्रीच्या पाजण्याचा. बाळ दोन वाजता उठलं, पाजून झालं, मी त्याला खांद्यावर घेतलं आणि हात थरथरायला लागले. मीटरवर ५८. झोपताना १३० होती. ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची. ५८ म्हणजे ताबडतोब साखर घ्यायची वेळ. बाळाला आईच्या हातात दिलं आणि साखरपाणी प्यायले. पुढच्या रात्री पुन्हा तेच. बेसल बदललेलं नव्हतं, रात्रीचं जेवण तेच होतं. बदल एवढाच की दूध आता भरून येत होतं आणि बाळ ते मन लावून पीत होतं.

याचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा डोळे उघडले. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला ७००-८०० मिलिलिटर पितं. म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास साखर रोज माझ्या रक्तातून निघून बाळाच्या पोटात जात होती, तीन-साडेतीन फुलक्यांत असते तेवढी. आणि दुधाच्या ग्रंथी रक्तातली ही साखर इन्सुलिनची वाट न बघता उचलतात. स्नायूला, चरबीला साखर आत घ्यायला इन्सुलिनचं दार लागतं. या पेशींचं दार उघडंच असतं. शिवाय दूध तयार करायला लागणारी ऊर्जा वेगळी. आपल्याकडची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज ६०० किलोकॅलरी जास्त खायला सांगते, ती काही उगाच नाही.

डॉक्टरांनी रात्रीचं बेसल आणखी उतरवलं आणि सांगितलं, पाजायला बसण्याआधी किंवा पाजताना काहीतरी खा. उशाशी डबा आला. त्यात खजूर, फुटाणे, एखादा खाकरा. शेजारी ग्लुकोज पावडरचा पुडा आणि पाण्याची बाटली, हात लांब केला की मिळेल अशी, कारण बाळ अंगावर असताना उठता येत नाही. झोपेत कूस बदलताना मीटर सापडावं म्हणून आईनं खाटेच्या कठड्याला त्याची पिशवी बांधून दिली.

घाम ही आणखी एक फसवी गोष्ट. बाळंतपणानंतरचे काही आठवडे रात्री अंग घामानं भिजतं, संप्रेरकं उतरतात म्हणून आणि शरीरात साठलेलं पाणी बाहेर पडतं म्हणूनही. साखर उतरली तरी घामच येतो. डोळ्यांत उगीच पाणी येणं, चिडचिड, थकवा, छातीत धडधड, सगळं दोन्हीकडे सारखं. इतकी वर्षं माझं अंगच मला सांगायचं, आता साखर उतरतेय. त्या दिवसांत त्याचा भरवसा धरता येईना. दरवेळी बोट टोचायचं, आणि आकडा बघूनच ठरवायचं.

लाडवांबद्दल सविस्तर सांगायला हवं. आमच्या घरचा डिंकाचा लाडू म्हणजे तुपात तळलेला डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस, गोडंबी आणि गूळ. मी आधी धरून चालले की गूळ आहे, म्हणजे साखर झपाट्यानं चढणार. लाडवाआधी इन्सुलिन घेतलं तर तासाभरानं मीटरवर ७२, आणि तीन-साडेतीन तासांनी २४०. तूप आणि खोबरं पोटातून सावकाश पुढे सरकतं. गुळाची साखर त्याच्या मागे अडकून उशिरा रक्तात येते, तोवर जेवणाच्या इन्सुलिनचा जोर संपत आलेला असतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मग मी लाडवाचं इन्सुलिन दोन भागांत घ्यायला लागले, थोडं खाताना, थोडं दीड तासानं. आईनं लाडू लहान वळायला घेतले आणि गूळ कमी करून खारीक वाढवली. खारकेचीही साखरच होते, पण चोथ्यामुळे जरा दमानं. मेथ्यांच्या लाडवाची चव मला कधी आवडली नव्हती, त्या दिवसांत मी तो मागून खाल्ला, कारण मेथीतला विरघळणारा चोथा साखर हळू रक्तात सोडतो आणि मीटरवर ते स्पष्ट दिसत होतं.

याच्या उलट बाजूही आईला पटवावी लागली. साखर कमी झाली की ती धावत लाडू घेऊन यायची. त्या क्षणी लाडू कामाचा नाही. तेव्हा हवी साधी साखर किंवा ग्लुकोज, तीन चमचे पाण्यात, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. लाडू, भाकरी, दूध, काय ते त्यानंतर. "लाडवात काय कमी आहे?" ती विचारायची. तूप जास्त आहे, मी सांगायचे. एकदा तिच्यासमोर मीटर ठेवून दोन्हीतला फरक दाखवला, त्यानंतर खाटेशी साखरेची डबी तीच भरून ठेवायला लागली.

एका नातेवाईक बाईंनी दूध वाढावं म्हणून शतावरी कल्प आणून दिला. डब्यावरचे घटक वाचले तर कल्पात साखरच मुख्य. बाळंतकाढ्याचं, दशमूलारिष्टाचंही तसंच, त्यात गूळ असतो. कुणाला हे सोसेल, पण इन्सुलिन मोजून घेणाऱ्या बाईनं चमच्याचं प्रमाण धरल्याशिवाय ते घेऊ नये.

आणि मग मालिश. सकाळी नाश्त्याआधी मांडीत जेवणाचं इन्सुलिन घ्यायचं, नाश्ता करायचा, अर्ध्या तासानं मावशी यायच्या. त्या मांड्या-पोटऱ्या चांगल्या रगडायच्या, मग कढत पाणी, मग शेक. आंघोळीनंतर शेकायला टेकले की मला ग्लानी यायची. सगळ्यांना वाटायचं, तेल-पाण्यानं अंग सैलावलंय, बाळंतिणीला झोप यायचीच. एकदा त्या ग्लानीतच बोट टोचलं, ५१. मालिशनं आणि उष्णतेनं कातडीखालचा रक्तप्रवाह वाढतो आणि तिथं टोचलेलं जलद इन्सुलिन ठरल्यापेक्षा पटकन रक्तात उतरतं. ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत आहे, पण बाळंतिणीच्या शेगडीशी ती जोडून मला कुणी सांगितली नव्हती. मावशींना मी सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग मी आधी येऊ का?" त्या पहाटेच्या यायला लागल्या. तेल, पाणी, शेक सगळं आटोपून मग इंजेक्शन आणि नाश्ता, आणि तेही मांडी सोडून पोटावर, सिझरच्या टाक्यांपासून दूर. सकाळची ग्लानी गेली. आजीच्या पद्धतीतलं काहीही टाकावं लागलं नाही, फक्त क्रम बदलला.

जेवणाचंही असंच. पुस्तकी रीत म्हणजे इन्सुलिन घ्यायचं आणि थोड्या वेळानं जेवायला बसायचं. तान्ह्या बाळाच्या घरात ही रीत धोक्याची ठरते. टोचून झालं की बाळ रडायला लागतं, ताट झाकून ठेवावं लागतं, आणि इकडे इन्सुलिनचं काम सुरू झालेलं असतं, वर पाजणंही त्याच वेळी. डॉक्टरांना विचारून मी जेवण संपताच टोचायला लागले. साखर थोडी वर जायची, पण बाळाला कडेवर घेऊन कोसळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

भेटायला येणाऱ्या बायका दोन प्रश्न विचारायच्या. इंजेक्शनचं औषध दुधातून बाळाला जातं का? आणि शुगरवाल्या आईचं दूध बाळाला बाधत नाही का? दोन्हींत घाबरण्यासारखं काही नाही. इन्सुलिन प्रत्येक आईच्या दुधात थोडं असतंच. ते प्रथिन आहे, बाळाच्या पोटात पचून जातं. मधुमेही आईनं अंगावर पाजावं, असंच जगभरचे तज्ज्ञ सांगतात. इथवर पोचायला मात्र फार काळ लागला. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी माझ्यासारख्या बाईला दिवस गेलेच, तर आई आणि मूल दोघंही वाचणं विरळा होतं. पुढे बोस्टनच्या जोस्लिन क्लिनिकमध्ये प्रिसिला व्हाइट या डॉक्टरबाईंनी अनेक दशकं मधुमेही गरोदर बायकांवर उपचार केले आणि १९४९ मध्ये त्यांच्या गर्भारपणातली जोखीम ठरवायची वर्गवारी मांडली. रात्री पाजताना फोनवर हे वाचत होते. मांडीवरच्या त्या जिवाकडे बघून या लोकांबद्दल अपार कृतज्ञता वाटायची.

पुढे एकदा उजव्या बाजूला दूध साकळलं, गाठ आली, थंडी वाजून ताप चढला. तोवर साखर उतरण्याचीच भीती. आता उलटं झालं. काही न खाता २८० च्या वर. संसर्ग झाला की शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि इन्सुलिन अपुरं पडतं. अशा वेळी टाइप १ असणाऱ्यानं जेवण जात नाही म्हणून बेसल बंद करायचं नसतं, आणि लघवीतली किंवा रक्तातली कीटोन तपासायची असतात. अँटिबायोटिक सुरू झालं, डोस काही दिवस बराच वाढवावा लागला, आणि त्याच बाजूनं पाजणं चालूच ठेवलं, कारण गाठ मोकळी व्हायला तेच लागतं. ताप उतरला तसा डोसही मागे घेतला.

झोप आणि हालचाल यांचा परिणाम मी दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावल्यावर नीट पाहिला. तो महाग पडतो, एक साधारण १४ दिवस चालतो, तरी दोन महिन्यांसाठी आम्ही खर्च केला. ज्या रात्री बाळ दर तासाला उठायचं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तेवढ्याच नाश्त्याला जास्त इन्सुलिन लागायचं. एका रात्रीची अपुरी झोपसुद्धा शरीराला इन्सुलिनला कमी दाद द्यायला लावते, हे आता तज्ज्ञांनी मोजून दाखवलेलं आहे. आणि सव्वा महिन्याची ती पडून राहण्याची सक्ती! चालताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. पडून राहिलं की ती वाट बंद. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिल्यावर मी जेवणानंतर पडवीत फेऱ्या घालायला लागले. आजी म्हणाली, "वारं लागेल." कानाला रुमाल बांधून घेतला, फेऱ्या सोडल्या नाहीत. जेवणानंतरचा चढ दिसण्याइतका कमी झाला.

माझ्या जावेला तिच्या खेपेला गरोदरपणातला मधुमेह निघाला होता. उपाशी नसतानाही ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त बघायची पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकारानं आपल्याकडे रुळली. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह धरायचा. तिचं तसं आलं. ती अंगानं सडपातळ, त्यामुळे कुणाचा विश्वास बसेना. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता-बालकांचा जो अभ्यास चालवला, त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं कमी नाही. कमी असतात ते स्नायू. बाहेरून किडकिडीत दिसणाऱ्या शरीरालाही इन्सुलिन पुरेनासं होतं, त्याचं बीज इतकं मागे आहे. जावेची साखर बाळंतपणानंतर पूर्ववत झाली, तरी पुढे टाइप २ होण्याचा धोका तिला राहतोच. तिच्यासाठी पाजण्याचं मोल वेगळं आहे. अमेरिकेत तीस वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात, ज्या बायकांनी सगळी मुलं मिळून सहा महिने किंवा जास्त पाजलं, त्यांच्यात न पाजणाऱ्यांच्या मानानं टाइप २ चं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी आढळलं. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मी तिला हे वाचून दाखवलं, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची राहिलेली ग्लुकोजची तपासणी करून घ्यायला लावली.

बाळाचं उष्टावण झालं आहे. नाचणीची पेज आणि मुगाचं वरण त्याला आवडतं, त्यामुळे दुपारचं पाजणं जवळजवळ थांबलंय आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा जुन्याइतकं इन्सुलिन लागायला लागलंय. बेसल १४ वरून १७ वर आलं आहे. दात येऊ लागल्यापासून तो रात्री पुन्हा दोन-तीनदा अंगावर पितो, म्हणून १८ करण्याआधी डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. शुक्रवारी नवा सेन्सर लावते आहे. रात्रीचे आकडे बघून ठरवू.